नीलव्वाची मूठमाती

बसा मंडळी, पाय आवरून बसा. टाळकऱ्यांनो, जरा दम खा. एकच विचारते, खरं सांगा. आपण गेल्यावर रडायला कोण कोण येईल, याची यादी मनात केली नाही असं इथं कोण आहे? हात वर करा बघू. एकही नाही! मग आता सांगा, त्या यादीतल्या किती जणांशी तुम्ही बोलता?

अक्कलकोटच्या बाजूला एक गाव आहे. तिथली नीलव्वा, लिंगायत घरची, पासष्टीची, जिभेला विळीची धार. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. कसं राजासारखं!

एका पहाटे नीलव्वाला स्वप्न पडलं. ती मेलीय, आणि आहे कुठं? लांबलचक लाकडी पेटीत – आडवी! सगळं गाव येतंय, मूठ मूठ माती टाकतंय. धाकटी जाऊ कल्लव्वा तेवढी हात बांधून उभी. टाकतच नाही!

का टाकेल? सहा वर्षांचा अबोला. भर पंगतीत नीलव्वा म्हणाली होती, "कल्लव्वाची शेंगापोळी खायला दात नको, हातोडी आणा." झालं. भिंतीला भिंत लागलेली घरं, पण मधे समुद्र.

नीलव्वाचा जीव थाऱ्यावर राहीना. जवळच्या माणसाची माती मिळाली नाही तर जीव घुटमळतो, असं तिच्या आईनं सांगितलेलं. ती तडक गेली याकोब मिस्त्रीकडे. तो ख्रिस्ती, त्याच्या लोकांच्या पुरायच्या पेट्या तोच करायचा. त्याला स्वप्न सांगितलं आणि विचारलं,

"मिस्त्री, माझी पेटी कधी केलीस रे?"

"मावशी, ती माझ्या दुकानातली नव्हे. माप घेतल्याशिवाय मी फळीला हात लावत नाही. आणि स्वप्नात मेलेल्याचं आयुष्य वाढतं म्हणतात."

"वाढू दे की. पण आडवी का?"

"आमच्यात झोपवतात, तुमच्यात बसवतात. माती मात्र दोघांनाही माणसांनीच द्यायची असते."

नेमकं नको तेच बोलला! पण जावेच्या दारात जाईल ती नीलव्वा कसली? मातीचं राहू दे, निदान आडवं तरी जायचं नाही, अशी तिनं वेगळीच तोड काढली. झोपेत गेले आणि अंग ताठलं तर मांडी कोण घालून देणार? म्हणून ती बसूनच झोपायला लागली. दुपारचं जेवण झालं की मांडी घालायची, विभूती फासायची, भिंतीला टेकून डोळे मिटायचे. यमाला तेवढंच काम कमी!

चौथ्या दुपारी सून महादेवीनं पाहिलं. सासू ताठ बसलेली, तोंड उघडं, कपाळ पांढरं. तिनं असा गळा काढला की भिंतीपलीकडून कल्लव्वा धावत आली. चूल लिंपत होती ती, ओल्या मातीचा गोळा हातात तसाच.

त्या गलक्यानं नीलव्वाला जाग आली. पण जावेचा आवाज कानावर पडला आणि ती डोळे मिटून तशीच बसली. सहा वर्षांनी आलीय, ऐकू तरी काय म्हणते.

"अक्का, आता मी भांडू कुणाशी गं? पोळी कडकच होती. गप्पा मारत तव्यावर विसरले होते. उरलेल्या म्हशीला घातल्या, तिनंसुद्धा दोनच खाल्ल्या."

मढं बोललं, "दोन तरी कशा खाल्ल्या बिचारीनं?"

आई गं! कल्लव्वानं किंकाळी फोडली आणि हातातला गोळा फेकला तो नीलव्वाच्या थोबाडावर. विभूती, नाक, मिशी, सगळं लिंपून निघालं! हसू नका, पुढच्या रांगेतल्या सुनबाई, तुमच्या सासूबाई मागंच बसल्यात.

नीलव्वानं डोळ्यांवरची माती पुसली, जावेचा हात धरला. हसता हसता रडायला लागली. "दिलीस गं. माझी माती मला दिलीस."

"मेले मी भीतीनं," कल्लव्वा म्हणाली, "आणि हिला मातीचं कौतुक! ऊठ, चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी याकोब मिस्त्री रस्त्यात भेटला तर नीलव्वा म्हणते कशी, "आता आडवी ठेवा नाहीतर उभी, माझी माती मला मिळाली."

तेव्हा मंडळी, तिचं नशीब थोर, वेळेवर जावेची चूल फुटली होती. तुमच्या घरी गॅस आहे. म्हणून सांगते, आरती झाली की सरळ घरी जाऊ नका. ज्याच्या मुठीची तुम्हाला आस आहे, त्याच्या दारावर थाप मारा. काय बोलावं सुचलं नाही तर म्हणा, चहा टाक.