पडद्यावरची लाल ओळ

हसायचं न्हाय, आधी ऐका. बायको गेल्यावर घरात मी एकटाच, म्हणून पोरीनं पुण्याहून तिचा जुना लिनक्सचा कॉम्प्युटर मुरुमला आणून दिला. चालू केला की काळ्या पडद्यावर कर्नलची, म्हणजे त्या लिनक्सच्या गाभ्यातल्या प्रोग्रामची, एक लाल ओळ यायची. एरर! मी रोज सकाळी पोरीला फोन लावून ती ओळ अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचो. "अप्पा, पुढं काय लिहिलंय?" ती विचारायची. मग गोळी घेतली का, भाकरी कुणी केली, हे पण निघायचं.

सुट्टीत आली आणि दहा मिनिटं कीबोर्ड बडवला. "झालं अप्पा. त्या एररनं काहीच बिघडत न्हवतं. आत हाय तशीच हाय, फक्त पडद्यावर दाखवू नको म्हणून सांगितलंय. आता रोज फोन करायची कटकट मिटली."

ती गेली. कॉम्प्युटर आता मुकाट्यानं चालू होतो. चार दिवस कळ काढली, पाचव्या दिवशी फोन लावलाच.

"काय झालं अप्पा? परत एरर?"

"न्हाय," म्हणलं. "परत दाखव म्हणून त्याला कसं सांगायचं, तेवढं सांग."