अर्जुनाच्या झाडाची माफी

भोरला संस्थान होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. माझी छाती फार धडधडायची. वैद्यांनी बजावलं, "भांडणं बंद करा आणि अर्जुनाच्या सालीचा काढा घ्या." साल आणायला मी धापा टाकत डोंगरातलं हिर्डोशी गाव गाठलं. साल काढून देणारी म्हातारी म्हणाली, "सुपारी ठिवून झाडाला काल आवतण दिलं व्हतं का? त्याबिगर साल काढत न्हाईत."

"इथं माझा जीव जातोय आणि झाडाला आमंत्रण?" मी झाडासमोरच कडाडलो.

"झालं! रुसलं ते. आता माफी मागा."

संपादकाची माफी मागायची नाही म्हणून नोकरी सोडलेला माणूस मी! पण जीव प्यारा. सुपारी ठेवली, हात जोडले आणि हळूच पुटपुटलो.

"मोठ्यानं बोला, दादा. लई म्हातारं हाय, त्याला ऐकू येत न्हाई."

"मग मघाशी माझं ओरडणं बरं ऐकू आलं!"

"शिव्या समद्यांनाच ऐकू येत्यात, दादा."