गोल अंड्याची नोंद

...नाही, पण स्क्रूला काय पाय फुटतात? तुम्हीच सांगा! मनगटी घड्याळाचा स्क्रू, मोहरीहून बारीक, चिमट्यात धरलेला, आणि बघता बघता... गायब! बरं, दुकानात माणसं किती? दोन. एक मी, तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा, आणि दुसरा माझा मेहुणा, ज्याचा माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून डोळा. आता मी संशय घेत नाही हं, मी फक्त लिहून ठेवतो! ही बघा डायरी : 'मंगळवार. स्क्रू दोन गेले. मेहुणा शीळ घालत होता.'

आणि परवा हा मला काय म्हणतो? "भाऊजी, नाजूक कामं आता माझ्याकडे द्या, तुम्ही भिंतीवरची घड्याळं बघा." भिंतीवरची! अहो, त्यापेक्षा घरी बसा म्हणायचं!

त्यात पायांचं वेगळंच. फरशीवर चाललो तरी गादीवर चालल्यासारखं. म्हटलं, बायकोनं चपला बदलल्या की काय? मी संशय घेत नाही, फक्त लिहून ठेवतो!

शेवटी मेहुण्यानं लोहचुंबक काढलं. म्हटलं, करा पुरावा नष्ट! तर हा ते माझ्याच स्टुलाखाली फिरवतोय, आणि चिकटून वर आले किती? तेवीस! "भाऊजी, तुमच्या बोटांतून पडतात हो, तुम्हाला कळतच नाही." मला कळत नाही? मला?

बायकोनं त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. टोचतंय?" मी म्हटलं, "आधी टोचा तर खरं!" डोळे उघडतो तो टाचणी बोटावरच! मग रक्त तपासलं. बाई म्हणतात, "बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलंय. नसा शाबूत राहायला, रक्त तयार व्हायला हे जीवनसत्त्व लागतंच. दूध, दही, अंडी, मासे, मटण... यातलं काय खाता?" मी म्हटलं, सगळं व्यवस्थित चालू आहे, आमच्याकडे नोंदी असतात!

झालं! बायकोनं पिशवीतून डायऱ्याच काढल्या. सात वर्षांच्या! आणि त्या बाईंसमोर माझ्याच आवाजात वाचायला लागली, "'आजपासून दूध, दही बंद. दूधवाला आज उगाच हसला.' 'मासे बंद. माशाची नजर बरी नाही.' 'मटण बंद. खाटीक फार गोड बोलतो.' 'अंडी बंद. डझनातलं एक जरा जास्तच गोल.'" बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसायला लागल्या! म्हणाल्या, "काका, स्क्रूचोर सापडला की!"

आता इंजेक्शनं चालू आहेत. बोटांत हळूहळू जीव येतोय, नसांना वेळ लागतो म्हणे. टेबल मेहुण्यानं तसंच राखून ठेवलंय, वर रोज फडकं मारतो... का मारतो कोण जाणे! पण मी लिहिलेलं नाही. कारण डायरी आता बायकोच्या ताब्यात. काल हळूच उघडली, तर तिच्या अक्षरात : 'दूध प्यायले म्हणतात. कुंडीतली माती ओली. उद्यापासून समोर बसून पाजणे.'

विचारलं, "अगं, नवऱ्यावर संशय घेतेस?"

म्हणते कशी, "छे हो! मी फक्त लिहून ठेवते."