तिसऱ्या अंकातला तांब्या

गहिनीनाथ : ...म्हंजे दयाबाई, चोवीस वर्षं मी तुमच्या नळाचं पानी पितोय?

दया : वर्षातून एकदाच, भाऊ. यात्रेच्या नाटकात, तिसऱ्या अंकात. पण तुम्हाला सांगितलं कुणी?

गहिनीनाथ : रतननं! माझ्याच बायकोनं! रविवारी माझा सत्कार हाय न्हवं? सकाळी भाषण घोकत हुतो. "माझ्या आवाजाचं गुपित म्हंजे आमच्या आडाचं पानी! एक घोट घेतला की बेलापुरात मारलेली हाक श्रीरामपूरच्या स्टेशनात. एकदा तर गार्डाची शिट्टी समजून डायव्हरनं गाडीच सोडली!"

दया : मागल्या वेळी नुसती थांबली होती.

गहिनीनाथ : ती दुसरी गाडी. तर रतन भाकरी थापता थापता हसाय लागली. म्हनली, "कसला आड अन् कसलं काय! तांब्या मी दयाकडनं भरून घेते."

दया : पहिल्या वर्षी तिनं घरूनच आणला होता, वर फडकं बांधून. स्टेजमागच्या गर्दीत सांडला. बिचारी रडकुंडीला आली. आमचं दार स्टेजला लागूनच. म्हटलं, भर इथं. आणि खेळ संपल्यावर तुम्ही काय म्हणालात?

गहिनीनाथ : ...अमृत.

शमुवेल (दयाचा नवरा, आतून) : "रतन, आपल्या आडाचं पाणी म्हणजे अमृत!" असं पूर्ण वाक्य होतं.

गहिनीनाथ : मास्तर! आतल्या खोलीतनं ऐकताय व्हय?

शमुवेल : विंगेत बसून चोवीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय. तुमचं वाक्य अडलं की माझी झोप उडते.

गहिनीनाथ : काय सोंग म्हनायचं हे! नाटकातला माझा रावसाहेब सभेत समतेवर बोलतो, अस्पृश्य बाईच्या हातचं पानी पितो, टाळ्या घेतो अन् घरी जाऊन चोरून आंघोळ करतो. लोक हसायचे. मी बी हसायचो. अन् तांब्या मात्र माझ्या घरचाच पायजे, म्हनून हटून बसायचो.

दया : रावसाहेब परवडला. त्याची एकच आंघोळ. तुमचे उपास किती! मी चहा टाकला की तुमचा गुरुवार. मंगळवारी पित्त. आमच्या लेकीच्या, क्रिस्टीनाच्या लग्नात तर पंगतीतून उठलात, एकादशी म्हणून.

गहिनीनाथ : हुतीच एकादशी!

शमुवेल : पौर्णिमा होती.

गहिनीनाथ : ...बाई, राग न्हाई आला कधी?

दया : आला की. पहिली दोन वर्षं वाटायचं, भर स्टेजवर सांगून टाकावं. पण तुम्ही घोट घ्यायचात आणि तो आवाज निघायचा ना... पार मागं बसलेली छबूबाई पदर डोळ्याला लावायची. मग म्हटलं, जाऊ दे. पाणी तर आपल्या नळाचं आहे.

गहिनीनाथ : लई उपकार हायेत तुमचे. रतनचे बी. रविवारी माईकवर सांगनार. आवाज माझा, पानी दयाबाईंचं. हसू दे गावाला.

दया : आणि गाडीचं?

गहिनीनाथ : गाडी राहू द्या की! तेवढी तरी माझी. पर त्याच्या आधी हितं, तुमच्या दारात... बाई, मी... एवढी वर्षं...

शमुवेल : "भगिनी, तुझ्या हातचं जल म्हणजे मजला—"

गहिनीनाथ : नको मास्तर! ते रावसाहेबाचं वाक्य. लई वेळा म्हनून झालं.

शमुवेल : मग पुढचं माझ्या वहीत नाही.

गहिनीनाथ : म्हाईत हाय... बाई, तहान लागलीय.

दया : आज गुरुवार आहे, भाऊ.

गहिनीनाथ : असू द्या.

(दया तांब्या भरून आणते. तो दोन्ही हातांत धरून गहिनीनाथ उभाच राहतो.)

दया : प्या, भाऊ. आज बघायला कुणी नाही.