बाईंच्या व्हिडिओतले वीस सेकंद

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी पांढऱ्या केसांच्या एक शिक्षिका आणि त्यांना धड्यांचे व्हिडिओ करायला शिकवणारा एक तरुण शिक्षक एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

"बाई, पाढ्यांचा व्हिडिओ झकास झालाय. फक्त मधली शांतता कापू या."

"कुठली शांतता?"

"हे बघा. सात आठे किती, असं विचारून तुम्ही वीस सेकंद नुसत्या बघत बसलायत."

"प्रश्न विचारलाय ना मी? मग उत्तर नको यायला?"

"अहो, समोर मोबाइल होता. वर्ग नव्हता."

"आणि व्हिडिओ बघणार कोण, मोबाइल?"

"मुलंच बघणार. पण वीस म्हणजे फार होतात, बाई. पाच ठेवतो."

"पाचात पहिल्या बाकाचं उत्तर येतं. शेवटच्या बाकावरचा तेव्हा अजून बोटं मोजत असतो."

"असा वर्गात एखादाच असतो."

"हो ना. तुमच्या वर्गात तो तूच होतास."

तो पुन्हा मोबाइलवर बोट फिरवू लागला.

"काय करतोयस? कापलंस?"

"नाही बाई. पंचवीस करतोय."