थोरलीची माफी

सून: वाचून दाखवली, आई. आता काय आवडलं ते सांगा, मी टाइप करते. सहाच्या आत बायकांच्या गटावर जायला हवं.

सासूबाई: लिही. कथा ऐकली. डोकं दुखलं.

सून: कौतुक लिहायचंय.

सासूबाई: डोकं दुखेपर्यंत ऐकली, हे कौतुकच झालं.

सून: नियम तुमचाच आहे. टीव्हीवरची मालिका बंद पडली तेव्हा छापखान्याच्या घराची गोष्ट सगळ्या बायकांनी मिळून पुढे लिहायचं ठरलं. दुसरीनं काढलेलं पात्र आपल्या कथेत घेतलं, तर पात्राच्या मालकिणीनं पसंती कळवायची. नाही कळवली तर कथा बाद.

सासूबाई: तो नियम मी केला तो बाकीच्यांनी माझं कौतुक करावं म्हणून.

सून: शिंपीणबाईंची पहिलीच कथा आहे. तीन महिने लिहीत होत्या. बाद झाली तर परत लिहिणार नाही म्हणाल्या.

सासूबाई: मग गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर मिळतील.

सून: आई.

सासूबाई: बरं, लिही. सुरुवात झकास. शाईनं काळे झालेले हात, यंत्राची खडखड, सगळं जागच्या जागी. पुढं मात्र ही शिंपीण कात्री घेऊन मी काढलेल्या थोरलीच्या मागं लागते.

सून: कात्रीचं गाळते.

सासूबाई: तू कोण गाळणार? चौथीपर्यंत शिकले मी, पण खोटं प्रमाणपत्र देत नाही. माझी थोरली एकटीनं छापखाना चालवणारी बाई. तिला भावजयीपुढं नेऊन ‘चुकलं माझं’ म्हणायला लावलं. तीस वर्षांत थोरली कुणाला असं म्हणालेली नाही.

सून: थोरली तुम्ही गेल्या वर्षी लिहिलीत.

सासूबाई: ओळखते तीस वर्षं.

सून: पण चूक तिचीच होती ना? छापखान्याच्या किल्ल्यांसाठी सगळ्या कामगारांसमोर भावजयीला चोर ठरवलं, आणि त्या निघाल्या हिच्याच उशीखाली.

सासूबाई: खरं सांग. आपल्या घड्याळाचं या शिंपिणीला कुणी सांगितलं?

सून: मी नाही. मामंजींचं घड्याळ मी माझ्या भावाला देऊन टाकलं, असं तुम्ही वन्संसमोर म्हणालात. मग ते तुमच्याच कपाटात, लोकरीच्या पिशवीत सापडलं. त्याला दोन महिने झाले. मी कुणापाशी बोलले नाही. असं घरोघर होत असेल.

सासूबाई: घरोघर घड्याळं हरवतात?

सून: घरोघर सापडतात. सापडल्यावर कुणी बोलत नाही, एवढंच.

सासूबाई: जीभ फार चालायला लागली तुझी.

सून: अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काढली.

सासूबाई: हं. थोरली तसं म्हणाल्यावर भावजय काय करते? तेवढं परत वाच.

सून: छापलेले कागद मोजत बसते.

सासूबाई: मोजू दे. लगेच गळ्यात पडून रडली असती, तर कथा मीच बाद केली असती. हे लिही. भावजय लगेच विरघळत नाही, ते मला फार आवडलं. शिंपीणबाईंना माणसाचं माप घेता येतं.

सून: लिहिलं. आणि थोरलीचं?

सासूबाई: तिचं काय?

सून: पात्र तिचंच घेतलंय. तिच्याबद्दल नको लिहायला? पावणेसहा झालेत.

सासूबाई: लिही. थोरली माझी, पण हे तिच्या तोंडी घालायला मला जमलं नव्हतं. तुम्हाला जमलं. ठेवा तसंच, खोडू नका.

सून: पाठवू?

सासूबाई: थांब. खाली एक प्रश्न विचार. हे बोलताना थोरली उभी होती की बसलेली? लिहिलेलं नाही कुठं.

सून: त्यानं काय फरक पडतो?

सासूबाई: उभ्यानं म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. बसून म्हणावं, तर आधी कुणी बस म्हणायला हवं ना.

सून: विचारते. पाठवलं.

(सून फोन बाजूला ठेवते, समोरच्या खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून मांडीवर घेते आणि घड्या घालू लागते.)

सून: बसा, आई.