झोपेचा रकाना

— अगं, चष्मा पुसून काही व्हायचं नाही, अक्षरच मेलं बारीक आहे. दे इकडे, मी वाचते, तू भर. अगं म्हटलं तर चालेल ना? माझ्या धाकटीएवढी आहेस. वडिलांचा खुबा ना? आमच्या ह्यांचाही खुबाच, परवा ऑपरेशन झालं. हा फॉर्म मला पाठ झालाय — नाव, वय, मधुमेह, दात खरे की खोटे. दातांची चौकशी कशाला? चावायला लावणार आहेत? आणि तो भूल देणारा डॉक्टर! नीट मिसरूड फुटलेली नाही, आणि ह्यांना म्हणतो, आजोबा, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणा. चाळीस वर्षं पाणीपुरवठ्याचे नकाशे काढलेला माणूस — कुठला व्हॉल्व्ह कुठल्या रस्त्याखाली ते अजून बोटांवर सांगेल — त्याला उलटे महिने! म्हटले ह्यांनी. वर वारही उलटे म्हणून दाखवले.

मग आमच्यापुढे व्याख्यान. ह्या वयात गुंगीचं औषध बेतानं द्यावं लागतं म्हणे, जास्त झालं तर रक्तदाब कोसळतो, डोकं चार-चार दिवस ठिकाणावर येत नाही, म्हणून कमरेखालचं बधिर करू आणि वर थोडीशीच गुंगी देऊ. बरं बाबा, दे थोडीशी. दिली. आणि झालं काय? दहा मिनिटांत प्रेशर इतकं खाली की आतबाहेर नुसती पळापळ, आणि मी ह्याच बाकावर, मला कुणी काही सांगेल तर शपथ. नंतर बाहेर येऊन मलाच म्हणतो, आजी, एवढ्याशा औषधानं असं व्हायला नको होतं. नाचता येईना अंगण वाकडं! औषध तुझं, माप तुझं, आणि विचारतोस मला?

काल सकाळी ह्यांनी नीट डोळे उघडले. उघडले ते नळ्याच ओढायला लागले. मी हात धरला तर माझ्याकडे बघून म्हणतात कसे, "बाई, तुम्ही कुणाबरोबर आलात?" बाई. तुम्ही. चव्वेचाळीस वर्षांत ह्या माणसानं मला कधी तुम्ही म्हटलं नाही गं, भांडणातसुद्धा नाही. मी आपलं हसण्यावारी नेलं. चमच्यानं पाणी पाजलं, तर म्हणाले, आभारी आहे.

असू दे. काय लिहिलंय पुढे? — हां, झोपेसाठी काही घेता का. हाच तो रकाना. त्या पोरानं तीनदा विचारलं, पोलिसासारखं. आणि हे छाती फुगवून, गोळीबिळी काही नाही, आडवा झालो की झोप, विचारा हिला. मी काय करणार? मान हलवली. खोटं कुठे बोलले? गोळी माझी. माझ्या नावावर लिहून दिलेली. हे निवृत्त झाल्यापासून रात्र रात्र घरभर फिरायचे, कपाटं उघडायचे, मला उठवून पाइपलाइनी समजावायचे — मग मी अर्धी कुटून दुधात... रोज, हो. चार वर्षं. त्यांना पत्ताच नाही. सकाळी उठून शेजाऱ्यांना सांगायचे, झोप कशी लागते ते माझ्याकडून शिका, आणि मी ओट्यापाशी तोंड फिरवून हसायचे. मग ते त्यांच्यादेखत त्या पोराला सांगू? माणसाची एवढी एकच फुशारकी उरलेली, ती मोडू?

असं बघू नकोस. अर्ध्या गोळीनं काय डोंगर कोसळतो? ऑपरेशनच्या सकाळी ह्यांना उपाशी ठेवलेलं, माझा हात सोडेनात. पित्ताची आहे म्हटलं, घोटभर पाण्याबरोबर दिली. अर्धीच. — बरं, अख्खी. अख्खी दिली. मोडायला वेळ कुठे होता, स्ट्रेचरवाला दारात उभा. त्या डॉक्टरानं आपलं माप बरोबरच घेतलं असेल म्हणा. त्याला काय माहीत, पोटात आधीच काय गेलंय.

— काय हो सिस्टर? परत नळी ओढली? शांत करायला इंजेक्शन? कुणी सांगितलं, त्याच डॉक्टरांनी? भरलं का? — सिस्टर, थांबा. देऊ नका अजून. आधी त्यांना बोलवा, मला सांगायचंय. नाही, बाहेर कशाला, खाटेपाशीच सांगते, ह्यांच्यादेखत. ज्यांच्यापासून लपवायचं ते मला ओळखतच नाहीत, आता लाज कुणाची? — आणि तू गं, माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस? घरी फोन लाव. वडिलांना नको विचारूस, आईला विचार, आणि मग भर तो रकाना. चल, सरक, माझी पिशवी दे. गोळ्यांची स्ट्रिप त्यातच आहे.